मागायला गेले एक, घेऊन आले शेजारचं

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ती)

मंडळी, शनिवारी ग्रंथालयात गेले होते ते एका ठरलेल्या पुस्तकासाठी. मधमाश्या एकमेकींना फुलांचा पत्ता नाचून सांगतात, यावर कुठेतरी दोन ओळी वाचल्या होत्या आणि तेव्हापासून तेच डोक्यात. संगणकावर वर्गांक बघितला, चिठ्ठीवर उतरवला, कपाटाशी गेले, तर पुस्तक गायब. तालिका म्हणते 'उपलब्ध'. कपाटात मात्र दोन बोटं रुंद फट आणि बाजूचं जाडजूड पुस्तक त्या फटीत कलंडलेलं.

ते सरळ करावं म्हणून हात घातला. मुंग्यांवरचं निघालं. उभ्याउभ्याच मधलं एक पान उघडलं, तिथे ई. ओ. विल्सन या कीटकशास्त्रज्ञाचा प्रयोग. मुंगी मेली की दोनेक दिवसांनी तिच्या अंगाला ओलेइक आम्लाचा वास यायला लागतो, मग बाकीच्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतात. या गृहस्थानं एका चांगल्या धडधाकट मुंगीला ते आम्ल फासलं. झालं! ती पाय झाडतेय, तरी बाकीच्यांनी तिला उचललं आणि टाकलं ढिगावर. परत आली की पुन्हा उचलबांगडी. अंग चाटूनपुसून वास जाईपर्यंत घरच्यांच्या लेखी ती मेलेलीच.

मी पाऊण तास तिथेच उभी. पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती. मधमाश्या राहिल्या बाजूला, मुंग्या घरी आल्या.

तर प्रश्न असा, की तुम्ही असे कपाटांमधून भटकता का? आणि हाताला लागलेलं पुस्तक घरी न्यायच्या लायकीचं आहे, हे कसं ओळखता? 'मरण्यापूर्वी वाचाच' छापाच्या याद्या कृपया नकोत. त्या पोत्यानं मिळतात.

अर्धविराम

जिवंत असताना मेलेली धरली हे वाचून आमच्या कार्यालयातले एक साहेब आठवले. निवृत्तीला सहा महिने होते, तेव्हाच त्यांना फायली पाठवणं बंद झालं होतं. असो, अवांतर.

भटकतो. पण माझी एक खोड आहे, मी पुस्तक शेवटाकडून उघडतो. ललितेतर असेल तर आधी सूची बघायची. विषयसूची सहा-सात पानांची आणि नीट केलेली असेल तर लेखकानं नाहीतर प्रकाशकानं घाम गाळलाय हे कळतं. मग त्या विषयातली मला ठाऊक असलेली एक बारकी गोष्ट सूचीत शोधायची आणि ते पान उघडायचं. तिथे चूक सापडली तर पुस्तक परत कपाटात. मला न येणाऱ्या दहा गोष्टी तो बरोबर सांगेल, यावर मग विश्वास कसा ठेवायचा?

कथा-कादंबरीला ही युक्ती चालत नाही. तिथे मी मधलं एखादं संवादाचं पान बघतो. दोन पात्रं एकाच आवाजात बोलत असली की रामराम.

नाकासमोर

मतभेद नोंदवतो. हे सगळं वाचायला गोड आहे, पण हिशेब मांडा. पाऊण तास उभं राहून एक पुस्तक मिळालं, तेही न मागितलेलं. मी काय करतो? महिनाभर जिथे चांगला उल्लेख दिसेल तिथून नाव टिपून ठेवतो, घरून आरक्षण टाकतो, निरोप आला की टेबलावरून उचलतो. सहा मिनिटं. कपाटात जे आहे ते कुणीतरी कधीतरी विकत घेतलं म्हणून आहे. त्यातलं बरंचसं सुमार. सुमार पुस्तकांच्या गर्दीतून धक्के खात फिरण्यात कसला आलाय आनंद?

दोन पिल्लं

सहा मिनिटं!! नाकासमोर, तुमचा हेवा वाटतो, पण वेगळ्या कारणानं. माझ्याकडेही सहाच मिनिटं असतात. एक चिरंजीव डायनासोरच्या कपाटावर चढायच्या बेतात आणि दुसरी बाई कडेवर.

म्हणून माझी जागा ठरलेली आहे, परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी. अजून कपाटात गेलेली नसतात. कुणीतरी कालपरवा घरी नेऊन वाचून आणलेली. तिथे वर्गवारी नाही, लेखकांचा क्रम नाही. शेअर बाजार, बालकविता, किडनीचे विकार, हिमालय, सगळं एका रांगेत. सुमार पुस्तकांची एक चाळणी तिथे आपोआप लागलेली असते, कारण निदान एका माणसाला ते घरी न्यावंसं वाटलं होतं. मागच्या महिन्यात त्याच गाडीवरून दीपगृहांवरचं पुस्तक उचललं. दीपगृहांशी माझा काय संबंध? काही नाही. पण रात्री दोघं झोपल्यावर, कुठल्यातरी खडकावर एकट्यानं दिवा सांभाळणाऱ्या माणसाबद्दल वाचताना जी शांतता मिळाली ना... बस्स.

ग्रं. पा.

नमस्कार. बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही.

धागाकर्ती, तुम्हाला मुंग्या सापडल्या हा योगायोग वाटतो, पण त्यात आमच्या लोकांचा हात आहे. तुमच्या चिठ्ठीवर ५९५.७९९ असा काहीतरी आकडा असणार. मेल्विल ड्यूई या अमेरिकन माणसानं १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले, मग प्रत्येकाचे दहा, त्याचे पुन्हा दहा. ५०० म्हणजे विज्ञान, ५९० प्राणी, ५९५.७ कीटक, आणि ५९५.७९ मध्ये मुंग्या, गांधीलमाश्या, मधमाश्या एका घरात, कारण जीवशास्त्रात त्या एकाच गणातल्या. मुंग्या ७९६, गांधीलमाश्या ७९८, मधमाश्या ७९९. तुमच्याकडे गांधीलमाश्यांवर काही नसावं, म्हणून मुंग्या थेट फटीला टेकल्या.

आता गंमत. मधमाश्या पाळायच्या कशा, हे पुस्तक तिथे नसतं. ते शेतीकडे, ६३८ ला. रेल्वेचंही तेच, वाहतूक म्हणून ३८५, रुळांचं बांधकाम म्हणून ६२५. एका विषयाची भावंडं अशी वेगवेगळ्या कपाटांत दिलेली असतात. म्हणून भटकणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं, की तुमच्या आवडत्या विषयाचं दुसरं घर कुठे आहे ते शोधा. तालिकेत विषय टाकलात की कुठले कुठले वर्गांक येतात ते दिसतं. तेवढे चार आकडे चिठ्ठीवर घ्या आणि मग चिठ्ठी खिशात ठेवून द्या.

तुमचं हरवलेलं पुस्तकही ६३८ ला बघून या. लोक चाळून झालं की 'साधारण इथलंच असेल' म्हणून कुठेही खोचतात.

अर्धविराम

ग्रं. पा., ड्यूईचं कौतुक जरा बेतानं. धर्माच्या दहा खणांतले बहुतेक ख्रिस्ती धर्माला आणि बाकी जगातले सगळे धर्म २९० च्या एका खणात कोंबलेत त्यानं. आणि आपली मराठी? ८९१.४६. इंग्रजीला अख्खं ८२० आणि आपण दशांशचिन्हाच्या पलीकडे, हिंदी-बंगालीच्या शेजारी दाटीवाटीनं उभे.

ग्रं. पा.

मान्य. अगदी मान्य. म्हणून तर रंगनाथनांचं नाव घ्यायचं. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. इंग्लंडला शिकायला गेले असताना एका दुकानात मेकॅनोचा खेळ बघितला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तशी वेगळी वस्तू तयार होते. त्यावरून त्यांना सुचलं, की पुस्तकाचा विषय आधीच खणांत न कोंबता त्याचे पैलू सुटे करून हवे तसे जोडावेत. त्यांची द्विबिंदू पद्धत १९३३ मध्ये आली. वापरायला किचकट, पण डोकं अफाट.

त्यांची १९३१ ची पाच सूत्रं आम्हाला परीक्षेत पाठ करावी लागायची. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही दोन सारखीच वाटतात ना? मलाही पेपर लिहून होईपर्यंत वाटायची. नाकासमोर जे करतात ते दुसरं सूत्र. वाचकाला काय हवं ते माहीत आहे, ते त्याला द्या. तिसऱ्या सूत्रात पुस्तक वाट बघत बसलंय आणि ज्याला ते आवडेल त्याला त्याचं नावही माहीत नाही. अशांची गाठ घालून द्यायला कपाटं उघडी ठेवणं हा सगळ्यात मोठा उपाय, असं रंगनाथन मानत.

तळकप्पा

उघडी कपाटं! तुम्हा तरुण मंडळींना हे जन्मजात मिळालं. मी वयाच्या तिशीपर्यंत पुस्तकांना लांबून बघितलं. जाळीच्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवायची, पसंतीक्रमानं पाच नावं लिहून. वीस मिनिटांनी आतून एक पुस्तक यायचं, पाचव्या क्रमांकाचं. किंवा चिठ्ठीच परत यायची, त्यावर 'नाही' असा तांबडा शेरा. आत काय काय आहे हे कधी कळायचंच नाही, त्यामुळे मागायचं तरी काय? ज्यांची नावं ऐकलीत तेच लेखक पुन्हा पुन्हा. मी पंधरा वर्षं एकाच पंधरा-वीस लेखकांत फिरत होतो, घाण्याला जुंपल्यासारखा.

पहिल्यांदा आत सोडलं तो दिवस आठवतो. कपाटांच्या दोन रांगांमधून चालत गेलो आणि हात पाठीमागे बांधलेले होते. शिवायची हिंमतच होईना.

ग्रं. पा.

तळकप्पाकाका, हे सगळीकडेच होतं. लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन यांनी १८९४ मध्ये वाचकांना कपाटांशी सोडलं, तेव्हा त्यांच्यावर त्यांचेच व्यवसायबंधू तुटून पडले होते. पुस्तकं चोरीला जातील, क्रम बिघडेल म्हणून. क्रम बिघडतो हे खरंच आहे म्हणा. रोज सकाळी तासभर मी तेच निस्तरते.

कसर

(आयडीवर जाऊ नका, पुस्तकं खात नाही.)

कबुलीजबाब द्यायचाय. मी पुस्तकं लपवते. एका वेळी तीनच मिळतात आणि चौथं आवडलं की मी ते अशा जागी ठेवते जिथे कुणी फिरकत नाही. आमच्याकडे सांख्यिकीच्या जुन्या वार्षिक अहवालांचा एक कप्पा आहे. पुढच्या आठवड्यात जाऊन घेऊन येते. तीन वर्षांत एकदाही पकडले गेले नाही.

ग्रं. पा.

पकडली गेलीस. आत्ता.

अगं, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. चोरीला गेलं तर निदान चौकशी होते, नवीन प्रत मागवता येते. हे मात्र तालिकेत 'उपलब्ध' म्हणून मिरवत असतं आणि धागाकर्तीसारखी बाई चिठ्ठी घेऊन फटीसमोर उभी असते. आरक्षण टाक. किंवा माझ्यासारखीला येऊन सांग, दोन दिवस टेबलाखाली ठेवते.

कसर

सॉरी. मधमाश्यांचं मी नाही लपवलेलं, शप्पथ.

तळकप्पा

ओळखायचं कसं हा प्रश्न बाजूलाच राहिला. माझी पद्धत आयडीतच आहे. डोळ्यांच्या उंचीवरची पुस्तकं सगळेच बघतात. खालचा कप्पा बघायला गुडघे लागतात, म्हणून तिथली पुस्तकं हात न लागलेली असतात. माझे गुडघे आता कुरकुर करतात, तेव्हा एक घडीची स्टुलडी घेऊन जातो आणि मांडणीसमोर मुक्काम ठोकतो.

पुस्तक काढलं की आधी शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायची. आता संगणक आल्यापासून शिक्के मारत नाहीत, पण जुन्या पुस्तकांत ती अजून चिकटलेली आहे. नवीन आलं तेव्हा दर पंधरवड्याला शिक्का, मग वर्षाला एक, मग नुसता कोरा कागद, हा एक प्रकार. असं पुस्तक बहुधा त्या वेळच्या कुठल्यातरी गाजावाजाचं असतं, ते मी ठेवून देतो. दुसरा प्रकार म्हणजे वर्षाला एखादाच शिक्का, पण वीस वर्षं न चुकता. ते मी डोळे झाकून नेतो. मला असं एक नदीकाठच्या प्रवासाचं पुस्तक मिळालं होतं. नावाजलेलं नाही, बांधणी दोनदा केलेली. त्यात एका पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे आता पूल झाला आहे.' खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'तो पडला.'

अर्धविराम

'तो पडला.' 😀 वर्षाला एक शिक्का हा निकष चोरतोय, काका.

नाकासमोर

समासात लिहिणाऱ्यांना दंड करा.

दोन पिल्लं

पेन्सिलीनं असेल तर माफ करा हो.

कोपऱ्यातली खुर्ची

वाह, धागा भरला की! तळकप्पाकाका, तारखांची चिठ्ठी कधी अशी वाचली नव्हती.

मी कणे वाचत जाते. त्यातही ज्याच्या कण्यावरचं नाव पुसट झालंय ते आधी काढते, कारण नाव दिसत नाही म्हणून बाकीचे काढत नसणार. मान मात्र मोडते. इंग्रजी पुस्तकांच्या कण्यावरचं नाव वरून खाली, फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा खालून वर, आणि आपल्याकडे प्रत्येक प्रकाशकाचा कारभार निराळा. अर्धा तास फिरलं की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई प्रत्येक कपाटाला 'नाही नाही' म्हणत चाललीये.

नाकासमोर, सुमार पुस्तकं फार असतात हे कबूल. पण तुमच्या टिपून ठेवलेल्या यादीत तेच येणार ज्याबद्दल कुणीतरी बोललंय. मुंग्यांबद्दल माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

चाकांवरून

मी व्हीलचेअर वापरतो. वाचतोय सगळं आणि मजाही येतेय, पण एक नोंदवतो. मला सात कप्प्यांतले मधले तीन दिसतात. वरचे दोन हात पुरत नाहीत म्हणून, खालचे दोन वाकता येत नाही म्हणून. दोन कपाटांमधली वाट अरुंद असली तर तेही नाही, मी मुख्य वाटेवरून शेवटच्या उभ्या पट्टीवरचे विषयांचे बोर्ड वाचतो. बऱ्याच विषयांत मी अजून तळकप्पाकाकांसारखा जाळीबाहेरच उभा आहे.

त्यामुळे मी सूचीतून भटकतो. आवडलेल्या पुस्तकाच्या मागची संदर्भयादी उघडायची, त्यातलं सगळ्यात विचित्र नाव निवडायचं, ते मागवायचं, मग त्याच्या मागची यादी. एकदा नकाशांच्या इतिहासावरून सुरुवात केली आणि पाचव्या पुस्तकाला कबुतरांवर पोचलो. पाचही लेखक एकमेकांना ओळखत असल्यासारखे बोलत होते. शेजार असाही असतो.

ग्रं. पा.

चाकांवरून, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. खालचा कप्पा रिकामा ठेवायचा आणि वाट रुंद करायची, यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं नुसत्या बैठका होतात. तोवर तुमच्या विषयाचा वरचा आणि खालचा कप्पा ढकलगाडीवर उतरवून टेबलाशी आणून द्या, असं बिनदिक्कत सांगत जा. ती मेहेरबानी नाही, ते आमचं काम आहे.

'शेजार असाही असतो' वरून आठवलं. आबी वारबुर्ग नावाचे कलेचे अभ्यासक होते, जर्मनीतल्या हँबुर्गचे. त्यांनी स्वतःचं ग्रंथालय 'चांगल्या शेजाऱ्याचा नियम' धरून लावलं होतं. तुम्ही जे शोधायला आलात ते तुम्हाला नको असतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या बाजूच्या पुस्तकात असतं, अशी त्यांची धारणा. म्हणून ज्योतिष आणि खगोल शेजारी, जादूटोणा आणि विज्ञान शेजारी. डोक्यात नवा विचार आला की पुस्तकं उचलून दुसरीकडे. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते सगळं बोटीनं लंडनला हलवलं आणि आजही तिथे विषयांचा तोच शेजार जपला आहे. असल्या ग्रंथालयात मला नोकरी असती तर मी पहिल्याच आठवड्यात पळाले असते. वाचक म्हणून मात्र राहायला जाईन.

अर्धविराम

आता पुस्तक घरी आल्यावरचं बोलू. तिथे माझी गाडी अडते. एकदा आणलं की टाकवत नाही, रेटत बसतो.

फोर्ड मॅडॉक्स फोर्ड या इंग्रज लेखकाच्या नावावर एक चाचणी सांगतात, की ९९ वं पान उघडून वाचा, पुस्तकाचा कस कळेल. करून बघितली. एकदा ९९ वं पान कोरं निघालं, प्रकरण संपलेलं.

त्यापेक्षा नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा नियम बरा. कुठल्याही पुस्तकाला पन्नास पानं द्या. नाही रुचलं तर सोडा. आणि तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, येईल तेवढीच पानं.

तळकप्पा

अडुसष्ट. म्हणजे बत्तीस पानं.

हे फार दिलासा देणारं गणित आहे हो. मी उगाच तीनशे पानं ओढत होतो.

दोन पिल्लं

आणि शंभरी गाठली की?

अर्धविराम

मग शून्य पानं. शंभराव्या वर्षी मुखपृष्ठावरून पुस्तक जोखायचा हक्क मिळतो, असं त्या बाईच म्हणतात.

दोन पिल्लं

माझा चार वर्षांचा मुलगा तो आत्ताच बजावतो. त्याची पद्धत बघायची तुम्हाला? जमिनीवर फतकल मारायचं, दहा पुस्तकं ओढायची, प्रत्येकाचं एक पान उघडायचं, नापसंत ते मागे भिरकवायचं. एकही उसासा नाही. 'छान आहे म्हणतात सगळे' हे ओझं नाही. मी त्याच्याकडे बघून शिकले, की कपाटातून काढलेलं पुस्तक परत ठेवणं म्हणजे लेखकाचा अपमान नव्हे.

ग्रं. पा.

परत ठेवू नका!!

माफ करा, सवय. पण हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. चाळलेलं पुस्तक कपाटात परत खोचू नका, टेबलावर ठेवून जा. बोर्ड लावलेला असतो, लोकांना वाटतं आम्हाला शिस्तीचं वेड आहे. एक कारण तुम्हाला कळलंच आहे, क्रम बिघडतो. दुसरं कारण कुणाला माहीत नसतं. बऱ्याच ग्रंथालयांत संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मोजतात. घरी गेलं नाही, पण कुणीतरी हाताळलं, अशी नोंद त्या पुस्तकाच्या नावावर होते.

जागा कधीच पुरत नाही. दरवर्षी काही पुस्तकं बाद करावी लागतात. मग यादी काढायची, इतक्या वर्षांत कोण बाहेर गेलं नाही, कुणाला हात लागला नाही. तळकप्पाकाकांचं नदीचं पुस्तक वर्षाला एका शिक्क्यावर तगलंय. कुणी पाऊण तास उभ्यानं वाचून मुकाट परत खोचलं, तर आमच्या लेखी त्याला कुणीच शिवलं नाही. धागाकर्तीच्या मुंगीसारखं, जिवंत असून ढिगावर.

कसर

बापरे. म्हणजे मी लपवलेली पुस्तकं...

ग्रं. पा.

हो. सांख्यिकीच्या अहवालांचा कप्पा तर पहिल्यांदा बाद होतो. पुढच्या फेरीला तुझा खजिना पण गेला असता त्याच गठ्ठ्यात.

कसर

उद्या सकाळीच जातेय.

नाकासमोर

ही टेबलाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. याला मात्र हिशेब म्हणतात.

काल आरक्षणाचं पुस्तक घ्यायला गेलो होतो. म्हटलं, प्रयोग करून पाहू. पुस्तक ज्या कप्प्यातलं होतं तिथे जाऊन डावी-उजवीकडची दोन-दोन बघितली. एक कालबाह्य, दोन भाषांतरं वाचवत नाहीत अशी, एकाची मधली पानंच नाहीत. चौदा मिनिटं गेली. चारही टेबलावर ठेवून आलो. कालबाह्य पुस्तकाला माझ्यामुळे एक वर्ष वाढवून मिळालं असेल तर ते पाप तुमच्या माथी.

तळकप्पा

पुढच्या वेळी खालचा कप्पा बघा. स्टुलडी देतो.

कोपऱ्यातली खुर्ची

काल पुन्हा जाऊन आले. ग्रं. पा. म्हणाल्या तशी आधी ६३८ ला. मधमाश्यांचं माझं पुस्तक तिथेही नाही. रेशीमकिड्यांवरचं एक होतं (त्यांचाही मुक्काम ६३८ लाच, हे नव्यानं कळलं), आणि पोळ्याच्या पेट्या कशा बनवायच्या याचं एक, सुतारकामाच्या आकृत्यांसकट. दोन्ही चाळली. टेबलावर ठेवली. समोर बसलेल्या मुलानं अभ्यासातून मान वर करून पेटीची आकृती बघितली, पुस्तक हळूच स्वतःकडे ओढलं आणि पुढची वीस मिनिटं त्याचा अभ्यास बंद.

मग मूळ कपाटाकडे गेले. फट आता मोठी झालीये, कारण मुंग्या माझ्या घरी आहेत. अलीकडचं फुलपाखरांवरचं पुस्तक तिकडे कलंडलंय, चांगलं पंचेचाळीस अंशात, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागावा असं.

मी ते सरळ केलं नाही.

ग्रं. पा.

कलंडलेल्या पुस्तकाची बांधणी खिळखिळी होते. सोमवारपर्यंत राहू दे. मग सरळ करा.